हरितगृहात बियांपासून काकडी: पहिल्या हंगामाचा अनुभव

मी पेरलेल्या पहिल्या ३० बियांपैकी फक्त ९ उगवल्या. दहाव्या दिवशी उरलेल्या बिया उकरून पाहिल्या, तेव्हा बहुतेकींचे टरफल बोटाने हलके दाबताच उघडले आणि आतून पांढरट, आंबूस वासाचा लगदा बाहेर आला. बियाणे ताजे होते, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नवे होते आणि ट्रेशेजारी टांगलेला थर्मामीटर दिवसभर २३-२४ अंश सेल्सिअस दाखवत होता. त्यामुळे दोष बियाण्यातच असणार, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहज म्हणून त्याच थर्मामीटरचे टोक एका रिकाम्या कप्प्यातील ओल्या कोकोपीटमध्ये खुपसले आणि पारा १५ अंशांवर येऊन थांबला.

काकडी ही उष्ण हवामानातील वेल आहे. तिचे बी २५ ते ३० अंशांच्या उबेत तीन-चार दिवसांत कोंब बाहेर काढते. ज्यात बी पेरतो त्या माध्यमाचे तापमान १५-१६ अंशांच्या खाली राहिले, तर मात्र ते पाणी शोषून फुगते, पण उगवायला लागणारी ऊब न मिळाल्याने ओलाव्यात तसेच पडून राहते आणि बुरशी त्याचा ताबा घेते. माझा ट्रे हरितगृहाच्या थंड फरशीवर होता. शिवाय ओल्या कोकोपीटमधून सतत पाणी उडत असल्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षा थंडच राहत होते. मी हवेचे तापमान मोजत होते, आणि बी मात्र हवेत नव्हतेच. या एका चुकीने मला पुढच्या चार महिन्यांसाठी, जिथे बी किंवा मूळ आहे तिथेच मोजण्याची सवय लावली आणि त्या सवयीमुळेच माझी काकडी वाचली, म्हणून या चुकीविषयी आधी सांगितले.

दुसऱ्या पेरणीसाठी ट्रे जमिनीवरून उचलून लाकडी मांडणीवर ठेवला, खाली थर्माकोलचा तुकडा आणि त्यावर रोपांसाठी मिळणारी ऊब देणारी विजेची चटई टाकली. कोकोपीट आधी दोनदा साध्या पाण्याने धुऊन घेतले, कारण ते नीट धुतलेले नसेल तर त्यातील क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. ओलावा किती हवा, हे मी मुठीने ठरवले: मूठ घट्ट आवळल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, परंतु पाण्याची धार लागू नये. बिया आडव्या ठेवून दीड सेंटिमीटर खोल पेरल्या आणि वरून ट्रे पातळ प्लॅस्टिकने झाकला. थर्मामीटर या वेळी कप्प्यातच रोवला होता आणि तो २७ अंश दाखवत होता.

दीड सेंटिमीटर या आकड्यामागेही पहिल्या पेरणीचा अनुभव होता. त्या वेळी उगवलेल्या ९ रोपांपैकी ४ रोपे डोक्यावर टरफलाची टोपी घालूनच वर आली होती. बीजदले, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पाने, आत अडकलेली, टरफल वाळून कडक झालेले. नखाने ते काढायला गेले, तर दोन रोपांची बीजदलेच तुटली. पुढे वाचनात याचे कारण समजले. काकडीच्या कोंबाला मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे खालच्या बाजूने एक छोटीशी खुंटी फुटते, ती टरफलाचा खालचा अर्धा भाग दाबून धरते, आणि वाकलेले खोड सरळ होताना बीजदले टरफलातून ओढून बाहेर काढते. त्यासाठी वरून माध्यमाचा थोडा भार लागतो आणि टरफल ओले असावे लागते. मी बी अगदी वरवर पेरल्याने यांपैकी काहीच मिळाले नव्हते. ही खुंटी खालच्याच बाजूला का येते, याचा शोध घेण्यासाठी १९९८ मध्ये डिस्कव्हरी या अवकाशयानातून काकडीच्या बिया नेल्या होत्या. तिथल्या वजनरहित अवस्थेत खुंटी दोन्ही बाजूंना आली. एवढ्याशा बीला वर कुठे आणि खाली कुठे याची जाण असते, हे कळल्यापासून बी आडवे ठेवताना माझा हात आपोआप सावकाश चालतो.

या वेळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला कोंब दिसला. सुरुवातीला कोकोपीटला फक्त एक चीर गेली होती, मग त्या चिरेतून पांढरट हिरवे, कमानीसारखे वाकलेले खोड वर आले, आणि रात्री झोपण्यापूर्वी पाहिले तेव्हा ती कमान अर्धी सरळ झाली होती. सकाळी दोन्ही बीजदले उघडून पसरली होती. पाचव्या दिवसापर्यंत ३० पैकी २८ रोपे उभी राहिली.

अर्धीअधिक रोपे वर दिसताच प्लॅस्टिक काढून टाकले आणि चटई बंद करून ट्रे भरपूर उजेडाच्या जागी नेला. हे एक दिवसही लांबवू नये. उगवणीसाठी लागणारी ऊब उगवल्यानंतर कमी उजेडात तशीच चालू ठेवली, तर रोपे सुतासारखी बारीक आणि उंच होतात, आणि अशी लांबलेली रोपे पुढे कितीही जपली तरी कमकुवत राहतात. मी दिवसा २३-२४ आणि रात्री १८ अंशांच्या आसपास तापमान राखले. पाणी फक्त सकाळी आणि तेही ट्रे उचलून हलका लागला तरच दिले. कोलमडण्याचा रोग रोपांना याच वयात होतो: माध्यम सतत ओलेगच्च राहिले की जमिनीलगत खोड पाणचट होऊन दबते आणि रोप आडवे पडते. माझी दोन रोपे अशीच गेली. ती कप्प्यातील कोकोपीटसह काढून टाकली आणि शेजारच्या कप्प्यांना दोन दिवस पाणीच दिले नाही. नंतर एकही रोप पडले नाही.

सोळाव्या दिवशी रोपांना दोन खरी पाने पूर्ण उघडली होती आणि तिसरे डोकावत होते. काकडीच्या मुळांना धक्का सहन होत नाही, म्हणून रोप जुने होण्याआधीच पुनर्लागवड करावी लागते. मुळे कप्प्यात गोल गोल फिरू लागली की पुढे रोप बसायला वेळ लागतो. माझे हरितगृह ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. त्यात १२ पिशव्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक पिशवीत एक वेल, असा २४ वेलींचा हिशेब केला होता. लागवडीच्या तासभर आधी ट्रेला पाणी दिले, त्यामुळे मुळांचा गोळा न फुटता अलगद निघाला. गोळ्याचा वरचा भाग पिशवीतील कोकोपीटच्या किंचित वर राहील असे रोप बसवले, म्हणजे पाणी दिल्यावर खोडाच्या बुंध्याशी ओल साचत नाही.

लागवडीनंतरचे चार-पाच दिवस मला फार कठीण गेले. दुपारी ऊन चढले की रोपे मान टाकत. पिशवी ओली असूनही पाने लोंबत असलेली पाहून मी घाबरून आणखी पाणी दिले, आणि दुसऱ्या दिवशी रोपे अधिकच मलूल झाली. तेव्हा बियांची आठवण झाली आणि थर्मामीटर पिशवीत खुपसला. सकाळी नऊ वाजता हरितगृहातील हवा २८ अंश होती आणि मुळांजवळ फक्त १४ अंश. पाने उन्हात पाणी उडवत होती, आणि गारठलेली मुळे भोवती पाणी असूनही ते वर ओढू शकत नव्हती. मी दिलेले प्रत्येक जास्तीचे पाणी बाहेरच्या टाकीतले, रात्रभर थंड झालेले होते. मग प्रत्येक पिशवीखाली थर्माकोलचे तुकडे सरकवले, पाण्याचे पिंप हरितगृहाच्या आत आणून ठेवले आणि सकाळचे पहिले पाणी ऊन आत आल्यानंतर तासाभराने देऊ लागले. तीन दिवसांत मुळांजवळचे तापमान सकाळी १८ अंशांवर आले. पाने दुपारीही ताठ राहू लागली. खत बदलले नाही, औषध मारले नाही आणि पाणी तर आधीपेक्षा कमी दिले.

त्यानंतर वेलींनी जो वेग घेतला, तो प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरा वाटणार नाही. वरच्या तारेला बांधलेली सुतळी प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी सैल फासाने अडकवली होती आणि दर दोन-तीन दिवसांनी शेंडा तिच्याभोवती गुंडाळत होते. वेळ चुकली, तर तणावे, म्हणजे आधार पकडणारे वेलीचे बारीक तंतू, शेजारच्या वेलीला, ठिबकच्या नळीला, जे हाती लागेल त्याला वेटोळे घालत. तणावे कोवळे असतानाच काढून टाकावेत असे माझे मत झाले आहे, कारण एकदा ते शेजारच्या पानाच्या देठाला पकडून वाळले की सोडवताना पान फाटते. पानाच्या बगलेतून निघणारी फूटही बोटभर होण्याआधीच खुडत होते. हे काम मी नेहमी सकाळी कोरड्या हवेत करत असे, म्हणजे जखम लवकर सुकते.

पहिल्या पाच-सहा पेरांवरची कळी आणि फळे काढून टाकावीत, हा नियम मला ठाऊक होता, पण तो पाळणे जिवावर आले. इतक्या कष्टांनी आलेली, पिवळ्या फुलामागे बोटाच्या पेराएवढी दिसणारी ती काकडी स्वतःच्या हाताने खुडायची! २० वेलींवर मी नियम पाळला आणि ४ वेलींवर खालची दोन-तीन फळे ठेवली. त्या चौघींनी पहिली काकडी सगळ्यांच्या आधी दिली, परंतु तीन आठवड्यांनी त्यांची उंची इतरांपेक्षा हातभर कमी होती, पाने लहान होती आणि वरची कोवळी फळे एकामागून एक पिवळी पडून गळत होती. वेल मुळे आणि पाने उभारत असताना फळ तिच्याकडून सगळे ओढून घेते. पुढच्या वेळी हा मोह होऊ देणार नाही.

फळे पिवळी पडून सुकणे मात्र नेहमीच दोषाचे लक्षण नसते, हेही सांगायला हवे. भर बहरात प्रत्येक पेरावर फळ धरते आणि वेल त्या सगळ्यांना पोसू शकत नाही. चार-पाच दिवस ढगाळ गेले की बोटाएवढी फळे आपोआप सुकतात, आणि आकाश मोकळे झाले की नवी धरू लागतात. सुरुवातीला मी प्रत्येक सुकलेल्या फळामागे रोग शोधत बसे. नंतर वेलीवर भरणारी फळे मोजू लागले, आणि ती सहा-सातच्या वर गेली की वाकडी किंवा एका जागी दोन आलेली फळे स्वतःच काढू लागले.

परागीभवनाची एक चूक माझ्या हातून झाली. लावलेले वाण परागीभवनाशिवाय फळ धरणारे संकरित वाण होते. त्याच्या वेलींवर जवळजवळ सगळी मादी फुलेच येतात आणि काकडी बिनबियांची, सरळ भरते. ट्रेमध्ये दोन कप्पे मोकळे राहिले होते, त्यांत मी हौसेने घरच्या साध्या काकडीच्या बिया टोचल्या आणि ती दोन रोपेही ओळीत लावली. त्यांना नर फुले भरपूर आली. पातळ देठावरची, मागे फळाचा फुगवटा नसलेली ही फुले ओळखायला सोपी असतात. दाराची जाळी दोन-तीन दिवस नीट बंद झाली नव्हती. मधमाश्या आत आल्या आणि तिकडचे पराग इकडे पोचले. दहा दिवसांनी संकरित वेलींवरच्या काही काकड्या टोकाशी गदेसारख्या फुगलेल्या निघाल्या, कापल्या तर त्या फुगवट्यात बिया भरलेल्या होत्या. साध्या काकडीला तर मधमाशी हवीच, नाही तर हाताने नर फूल मादी फुलावर टेकवावे लागते. या दोन प्रकारच्या वेली एका छताखाली सुखाने नांदत नाहीत. त्या दोन वेली उपटून मी बाहेर कुंपणाशी नेऊन लावल्या, पण मोठ्या वेली जागा बदलून जगत नाहीत. त्या चार दिवसांत वाळल्या. जाळी दुरुस्त केल्यावर पुढची सगळी फळे सरळ आली.

लागवडीनंतर ३४ व्या दिवशी पहिली रीतसर तोडणी केली. एका काकडीला मी रोज सकाळी दोरा लावून मोजत होते. सुरुवातीला तिची वाढ नजरेत येत नव्हती, पण मधल्या दिवसांत एका रात्रीत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ झाली. त्यामुळे तोडणी एक दिवस चुकली तरी फळ जून होते, आणि एक जून काकडी वेलीवर राहिली की वरच्या दहांची वाढ मंदावते. मी १६ ते १८ सेंटिमीटरवर, एक दिवसाआड, सकाळी लवकर, कात्रीने थोडा देठ ठेवून तोडत असे. ओढून तोडल्यास देठाशी साल सोलते आणि तिथूनच कुजायला लागते. काकडी फार थंड जागी ठेवू नये. १० अंशांखाली चार-सहा दिवस राहिली की सालीवर पाणचट खड्डे पडतात. पिकलेली केळी किंवा टोमॅटो शेजारी ठेवू नयेत, नाही तर ती लवकर पिवळी पडते.

बहर सुरू असतानाच केवडा हा पानांचा रोग आला. पानाच्या वरच्या बाजूस फिकट पिवळे, शिरांच्या मध्ये कोंडल्यासारखे चौकोनी डाग, आणि सकाळी पान उलटून पाहिले तर त्याच जागी करडी जांभळट बुरशी. मला नवल वाटले, कारण दुपारी आर्द्रता ६० ते ६५ टक्के असे आणि मी पानांवर पाण्याचा थेंबही पडू देत नव्हते. पुन्हा तोच प्रश्न समोर आला की, मी मोजते आहे ते कुठे आणि केव्हा? एका पहाटे साडेपाचला विजेरी घेऊन आत गेले. छताच्या आतल्या बाजूने थेंब ओघळून पानांवर पडत होते आणि पाने पृष्ठभागभर दवाने ओली होती. पानांच्या कडांवर मात्र एकसारख्या अंतरावर, टपोरे, स्वच्छ असे वेगळेच थेंब होते. ते दव नव्हते. मुळांनी रात्री ओढलेले पाणी वेल पानाच्या कडेने बाहेर टाकते, तेच हे थेंब, आणि मुळे कामाला लागल्याची ती खूण होती. दोन महिन्यांपूर्वी गारठून मलूल झालेल्या याच वेलींच्या कडांवर ते थेंब पाहून मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच पानावर शेजारी दव पाहून धास्तीही वाटली, कारण केवड्याच्या बीजाणूला रुजायला पानावर काही तासांची ओल पुरेशी असते.

मी ऊब टिकावी म्हणून सूर्यास्ताच्या आधीच सगळ्या खिडक्या बंद करत होते. दिवसभर वेलींनी हवेत सोडलेली वाफ त्यामुळे आतच कोंडत होती आणि रात्री हवा थंड झाली की तीच पानांवर उतरत होती. तेव्हापासून शेवटचे पाणी दुपारी तीनच्या आत देणे, संध्याकाळी खिडक्या लावण्यापूर्वी अर्धा तास छताची आणि बाजूची झडप एकदम उघडून दमट हवा बाहेर जाऊ देणे, आणि पहाटे ऊन पडण्यापूर्वीच छताची झडप चार बोटे उघडणे, असा क्रम ठेवला. रात्रीचे तापमान त्याने दीड-दोन अंशांनी उतरले, तेवढे मी सोसले. डाग पडलेली पाने कोरड्या वेळी कापून पिशवीत भरून बाहेर नेली आणि जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतची जुनी पानेही काढली, म्हणजे खालून हवा खेळेल. जी पाने आधीच ग्रासली होती ती गेली, पण दोन आठवड्यांनंतर नव्या पानांवर डाग आले नाहीत.

भुरीच्या बाबतीत हा उपाय चालला नाही. पानावर पिठी शिंपडल्यासारखी दिसणारी ही बुरशी ओल्या पानावाचूनही वाढते, त्यामुळे मी हवा कोरडी केल्याने तिचे काही बिघडले नाही. दाट पाने विरळ करणे आणि पहिला पांढरा ठिपका दिसताच ते पान काढणे, एवढ्यानेच ती आटोक्यात राहिली. हंगामाच्या शेवटी खालची पाने तिनेच संपवली. पुढच्या वेळी भुरीला प्रतिकारक असलेले वाण निवडणार आहे. किडींपैकी पांढरी माशी पिवळ्या चिकट सापळ्यांवर वेळीच दिसली. लाल कोळी मात्र चुकवून गेला होता, कारण तो पानाच्या खाली राहतो आणि वरून फक्त सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसतात. तेव्हापासून मी रोज दहा पाने तरी उलटून पाहते.

खतपाण्याचा धडा उन्हाळा चढल्यावर मिळाला. विद्राव्य खताचे पाणी मी मापून देत होते: सामू (पाण्याची आम्लता, म्हणजे pH) ६ च्या आसपास आणि विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातील क्षारांचे माप, रोपांना दीड आणि फळांच्या काळात सव्वादोन. देताना सगळे बरोबर होते, तरी पानांच्या कडा करपू लागल्या आणि काही काकड्या मधेच बारीक होऊन वाकू लागल्या. एका पिशवीखाली थाळी ठेवून निचऱ्याचे पाणी गोळा केले आणि मोजले, तर त्याची विद्युतवाहकता ३.८ निघाली. उन्हाच्या दिवसांत वेल पाणी झपाट्याने पिते आणि क्षार मागे पडतात. मी सकाळी आणि दुपारी असे दोनदाच पाणी देत असल्याने ते पिशवीत साठत गेले होते. म्हणून एक दिवस साध्या पाण्याने पिशव्या धुऊन काढल्या आणि नंतर खताचे पाणी थोडे पातळ करून, तेच दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे दिले, जेणेकरून दिलेल्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा खालून निघून जाईल. भर उन्हात एकेक वेल दिवसाला दोन लिटरहून अधिक पाणी घेत होती. आठवड्याभरात निचरा २.६ वर आला आणि नवी फळे सरळ झाली. थाळी अजून त्याच पिशवीखाली आहे.

वेली तारेपर्यंत पोचल्यावर शेंडा खुडून पानांच्या बगलेतल्या दोन नव्या फुटी खाली सोडण्याऐवजी मी वेलच खाली उतरवण्याची पद्धत घेतली: सुतळी वरून सैल करायची आणि पाने काढलेला खालचा भाग पिशवीजवळ वेटोळे घालून ठेवायचा. पहिल्याच दिवशी, सकाळी, एक वेल माझ्या हातात काडकन मोडली. सकाळी खोड पाण्याने टच्च भरलेले असते आणि वाकत नाही. दुपारनंतर तेच खोड थोडे नरम पडते आणि मग सहज उतरते. २४ वेलींपैकी तेवढी एकच गमावली.

एकूण तोडणी अडीच महिने चालली आणि ८६ किलो काकडी निघाली. शेवटी वेली कापून पिशव्या रिकाम्या केल्या, तेव्हा मुळे नीट पाहून घेतली. ओळीच्या वरच्या टोकाच्या पिशव्यांत ती तळापर्यंत पांढरी आणि केसाळ होती. उताराकडच्या चार पिशव्यांत मात्र तळापासून तीन बोटे उंचीवर जणू रेघ मारलेली होती. रेघेवर पांढरी मुळे आणि खाली तपकिरी, ओढली की साल सुटून येणारी. निचऱ्याची चीर मी नेमकी त्याच उंचीवर पाडली होती. त्याखाली हंगामभर पाणी साचून राहिले असणार, आणि त्या चार वेलींनी इतरांपेक्षा कमी फळे का दिली, हे मला तेव्हा समजले. आता नव्या पिशव्यांना चीर अगदी तळाशी पाडली आहे. दुसऱ्या हंगामाचा ट्रे कालच पेरला. थर्मामीटर कोपऱ्यातल्या कप्प्यात रोवलेला आहे आणि आज पहाटे तो २६ अंश दाखवत होता.